प्रयोगशाळा इथे, प्रश्न कुणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आंबिवलीच्या आमच्या घरात रात्री नऊ ते साडेदहा ही वेळ मोठी जपून वागण्याची असते. आतल्या खोलीत मुलीची मीटिंग चालू असते. तेव्हा मिक्सर लावायचा नाही, रेडिओ मोठा करायचा नाही, आणि मला जर एखादी ओळ सुचली तर ती मोठ्यानं म्हणून बघायची नाही. पलीकडे जर्मनीत त्या वेळी संध्याकाळ होत आलेली असते आणि अमेरिकेत दिवस नुकता वर आलेला असतो. मुलगी सकाळी आंबिवलीहून कल्याण, तिथून ठाणे आणि पुढे ऐरोली असा प्रवास करून ऑफिस करून आलेली असते. तरी नऊ वाजता ती पुन्हा कामाला बसते. कारण तिन्ही देशांतली माणसं एकाच वेळी जागी असण्याची तेवढीच वेळ आहे.

ती एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या संशोधन केंद्रात आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवतात त्या यंत्रांवर तिथे काम चालतं.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध लहानपणी आला तो फक्त वासापुरता. आमच्या भागात, मोहन्याला, नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा मोठा कारखाना होता. सगळे त्याला एनआरसीच म्हणत. वारा फिरला की सडक्या अंड्यासारखा वास घरात यायचा. लाकडाचा लगदा, कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्यातून चकचकीत धागा काढायचा, असं ते काम. ही युक्ती आमची नव्हती. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी ती १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये शोधून काढली होती. शोध तिकडे लागला आणि कारखाना इकडे उभा राहिला. त्या काळची ही जगाची सरळ वाटणी होती. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. आता चिमणी नाही, भोंगा नाही. पण शोधाचं काम मात्र रात्री नऊ वाजता आमच्या घरात चालतं. वाटणी उलटी झाली की काय, असं मला वाटायला लागलं. म्हणून मी जरा चौकशी केली. आज जे सांगणार आहे ते त्या चौकशीतून हाती आलेलं आहे.

मोठ्या कंपन्या आपलं संशोधन वेगवेगळ्या देशांत का पसरवतात? याची साधारण तीन कारणं सांगता येतील. पहिलं म्हणजे तिथला माल तिथल्या माणसाला जमेल असा करणं. हिंदुस्थान लिव्हरनं १९५८ मध्ये मुंबईत संशोधनाला सुरुवात केली. त्या काळी साबणासाठी खाद्यतेल वापरणं देशाला परवडणारं नव्हतं. तेव्हा साल वृक्षाच्या बियांचं तेल, कडुनिंबाचं तेल, भाताच्या कोंड्याचं तेल अशा तेलांतून साबण कसा करता येईल, यावर तिथे काम झालं. हा प्रश्न लंडनमध्ये कुणाला पडलाच नसता. दुसरं कारण म्हणजे जे आपल्या देशात मिळत नाही ते घ्यायला दुसऱ्या देशात जाणं. मग ते झाडपाल्याचं ज्ञान असेल, नाहीतर तयार डोकी असतील. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९८५ मध्ये बंगळूरला केंद्र काढलं ते इथल्या इंजिनिअरांसाठी. तिसरं कारण पैसा आणि घड्याळ. इथे पगार कमी पडतात, आणि तिकडचे लोक झोपतात तेव्हा इथले जागे असतात. काम थांबत नाही.

आज या तिसऱ्या कारणाचा विस्तार फार मोठा झाला आहे. नॅसकॉम आणि झिनोव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार परदेशी कंपन्यांची अशी स्वतःची केंद्रं भारतात सतराशेहून अधिक आहेत आणि त्यांत जवळपास १९ लाख माणसं काम करतात. सगळीच काही संशोधन करत नाहीत. कित्येक ठिकाणी हिशेब आणि देखभालीची कामं चालतात. पण आमच्या लोकल गाडीतून रोज पाठीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन जाणारी पोरं-पोरी या आकड्यातच येतात.

आता थोडं मागे जाऊ. कारण आपल्या मुंबईत ही गोष्ट आजची नाही.

१९६३ मध्ये गोरेगावला सिबा या स्विस औषध कंपनीचं संशोधन केंद्र उभं राहिलं. उद्‌घाटन पंडित नेहरूंनी केलं. संचालक म्हणून मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले नामवंत रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी आले. परदेशी कंपनीनं नवी औषधं शोधण्यासाठी भारतात एवढं मोठं केंद्र काढावं, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. तिथून सिंटामिल नावानं विकलं गेलेलं नैराश्यावरचं औषध निघालं. आमांशाच्या जंतूंवर चालणारं सॅट्रानिडाझोल निघालं. पैकी आमांश हा दुखण्याचा प्रकार आपल्याकडे घरोघरचा.

मला यातली एक बारीकशी गोष्ट फार आवडली. प्रयोगशाळेत नवं रसायन तयार झालं की त्याला आधी नाव नसतं, नंबर असतो. सिबाच्या नंबरांना दोन अक्षरं जोडलेली असत. बाझलच्या रसायनाला 'बा' आणि गोरेगावच्या रसायनाला 'गो'. सॅट्रानिडाझोलचा नंबर होता 'गो १०२१३'. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपलं तखल्लुस गुंफतो, तसं हे. रसायन बाझलला गेलं, आणखी कुठे गेलं, तरी गोरेगाव त्याच्या नावात राहिलं.

पण तखल्लुस आपलं असलं म्हणून मैफल आपली होत नाही. १९७० मध्ये सिबा आणि गायगी या दोन कंपन्या एक झाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गोरेगावचं केंद्र बंद झालं. गोविंदाचारी त्याआधीच निवृत्त झाले होते. पुढे त्यांनी मद्रासला कडुनिंबावर काम केलं. बाकीची माणसं भारतीय औषध कंपन्यांत, महाविद्यालयांत, संस्थांत विखुरली.

दुसरी गोष्ट मुलुंडची. ती मला जवळची, कारण मुलुंड आमच्याच मार्गावर. आमच्या चाळीतले एक काका आंबिवलीहून निघून कल्याणला गाडी बदलून मुलुंडला जात. हेक्स्ट या जर्मन कंपनीत मदतनीस होते. संध्याकाळी आम्हा पोरांना सांगायचे, "आज मुळं आली पोत्यानं. धुऊन, वाळवून, कुटून दिली." आम्हाला वाटायचं, हे औषध कंपनीत आहेत की मसाल्याच्या गिरणीत?

ते काम काय होतं ते मला आता कळतं. हेक्स्टनं १९७२ मध्ये मुलुंडला संशोधन केंद्र सुरू केलं. तिथे भारतीय वनस्पती पद्धतशीर तपासल्या जात. त्यांत कोलिअस फोर्सकोलाय नावाची एक झुडूपवजा वनस्पती होती. गुजराती घरांत गरमर नावाचं लोणचं घालतात ना, ती तिची मुळं. त्या मुळांतून मुलुंडच्या शास्त्रज्ञांनी एक पदार्थ वेगळा काढला, फोर्स्कोलिन. १९७७ मध्ये त्याची रचना सांगणारा शोधनिबंध छापून आला. त्यावरची पाच आडनावं अशी : भट, बाजवा, डॉर्नाउअर, डिसूझा, फेलहाबर. मुलुंड आणि फ्रँकफुर्ट एकाच ओळीत. यांतल्या सुजाता भट पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाल्या.

१९८१ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की हा पदार्थ पेशीतलं एक महत्त्वाचं विकर थेट जागं करतो. बाहेरून आलेला निरोप पेशीच्या आत पोचवण्याच्या कामात हे विकर असतं. झालं! जगभरच्या प्रयोगशाळांत फोर्स्कोलिनच्या बाटल्या गेल्या. पेशीचं काम समजून घ्यायचं तर ते हाताशी हवंच, असं झालं. जपानच्या निप्पॉन कायाकू कंपनीनं त्याचं पाण्यात विरघळणारं रूप केलं आणि ते तिथे हृदयाच्या आजारावर वापरात आलं. लोणच्याच्या मुळानं मुलुंड, फ्रँकफुर्ट, अमेरिका, जपान असा प्रवास केला. संशोधन अनेक देशांत पसरवण्याचा फायदा सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही. एका देशात मूळ असतं, दुसऱ्यात पारखणारा असतो, तिसऱ्यात औषध करणारा असतो. एकट्या कुणाकडून हे झालं नसतं.

त्याच मुलुंडला सह्याद्रीच्या ओल्या जंगलात आढळणाऱ्या एका झाडाचाही अभ्यास झाला. डायसॉक्सिलम बायनेक्टारिफेरम हे त्याचं शास्त्रीय नाव. त्यातल्या रोहिटुकीन या पदार्थाच्या धर्तीवर तिथे फ्लेव्होपिरिडॉल तयार करण्यात आलं. कर्करोगात पेशींचं विभाजन बेफाम चालतं. ते विभाजन हाकणाऱ्या विकरांना हे रसायन थोपवतं. या प्रकारातलं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेलं हे जगातलं पहिलं रसायन. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं त्यात रस घेतला. ते स्वतः सर्रास वापरातलं औषध होऊ शकलं नाही, पण त्याच वाटेनं पुढे गेलेल्या दुसऱ्या कंपनीच्या औषधाला २०१५ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली. पहिली पायवाट मुलुंडहून निघाली होती, हे किती मुलुंडकरांना ठाऊक असेल?

आणि मग तेच झालं. युरोप-अमेरिकेत औषध कंपन्या एकमेकींत विलीन होऊ लागल्या. एकत्र आलेल्या घरात दोन चुली कशाला, असा हिशेब सुरू झाला. १९९८ मध्ये मुलुंडचं केंद्र निकोलस पिरामल या भारतीय कंपनीकडे गेलं. तिथल्या फ्लेव्होपिरिडॉलच्या अनुभवातून पिरामलच्या शास्त्रज्ञांनी त्याच कुळातलं नवं रसायन करून पाहिलं. २००४ मध्ये पिरामलचं नवं केंद्र उभं राहिलं, तेही गोरेगावलाच. त्याच्या उद्‌घाटनाला राष्ट्रपती अब्दुल कलाम आले होते. एकेचाळीस वर्षांपूर्वी नेहरू जिथे आले होते, त्याच उपनगरात.

इथे मला वाटलं, चला, गोष्ट गोड झाली. घर आपलं झालं. पण २०१४ मध्ये पिरामलनं नवं औषध शोधण्याचं काम थांबवलं. कारण साधं आहे. नवं औषध हाती यायला दहा-बारा वर्षं लागतात, पैसा प्रचंड ओतावा लागतो आणि शंभरांतली बहुतेक रसायनं वाटेतच पडतात. मालक स्विस असो, जर्मन असो की मुंबईकर, वही त्याच्यापुढे उघडली की ती सगळ्यांना सारखंच सांगते. म्हणून 'परदेशी कंपनी वाईट, आपली चांगली' असं म्हणून मोकळं होता येत नाही. मीही आधी तेच म्हणायला निघालो होतो, म्हणून हे कबूल करतो.

मग फरक कशानं पडतो? याचं एक उदाहरण बंगळूरचं आहे. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीनं २००० साली तिथे मोठं तंत्रज्ञान केंद्र काढलं. हृदयाचा आलेख काढणारी तिची यंत्रं मोठी आणि महाग होती, शहरातल्या इस्पितळांसाठी. आपल्या खेड्यातल्या डॉक्टरला ती परवडणारी नव्हती, आणि वीज नसेल तर चालणारीही नव्हती. इथल्या गटानं बॅटरीवर चालणारं, हातात धरून नेता येईल असं यंत्र केलं. किंमत सुमारे हजार डॉलर. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ्री इमेल्ट यांनी विजय गोविंदराजन आणि ख्रिस ट्रिम्बल यांच्याबरोबर २००९ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख लिहून हे सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की श्रीमंत देशासाठी वस्तू करायची आणि ती थोडी छाटून गरीब देशात विकायची, ही जुनी रीत पुरेशी नाही. गरीब देशात जन्मलेली वस्तू श्रीमंत देशातही जाऊ शकते. पण त्यासाठी तिथल्या गटाला काय करायचं ते ठरवण्याचा अधिकार हवा. त्यासाठी वेगळा पैसा हवा, आणि त्यांचा जाब थेट वरच्या माणसानं घ्यायला हवा.

श्रोतेहो, माझ्या चौकशीचं सार इथे आहे. संशोधन केंद्र म्हटलं की आपण इमारत बघतो, पगार बघतो, किती इंजिनिअर ठेवले ते बघतो. पण विचारायला हवेत ते दोनच प्रश्न. कामाच्या यादीत नवा प्रश्न घालण्याचा अधिकार कुणाला आहे? आणि चालू काम थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे? हात इथले आणि हे दोन्ही अधिकार तिकडे असतील, तर ती जागा काचेची असली तरी मोहन्याच्या कारखान्याहून फार वेगळी नाही. फक्त वास येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, आतल्या खोलीतून शिकलो. आमच्याकडे वीज जाते ती कधी कधी अर्ध्या क्षणासाठी. दिवा डोळा मिचकावतो आणि परत येतो. मुलीच्या मनात आलं, खाटेशेजारचं यंत्र अशा वेळी काय करत असेल? तिनं ऑफिसात तपासून पाहिलं. वीज अशी लचकली की यंत्र बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं, आणि मधल्या वेळात पडदा कोरा. मोठ्या इस्पितळात सोय असते. पण टिटवाळ्याच्या, मुरबाडच्या लहान दवाखान्यात? तिनं नीट मोजमाप करून चार पानांचं टिपण लिहिलं आणि मुख्यालयाला पाठवलं. उत्तर सभ्य होतं. टिपण उत्तम आहे, पण या आवृत्तीच्या गरजांची यादी बंद झाली आहे. पुढच्या वेळी पाहू.

पुढची वेळ आलीच नाही. आठ महिन्यांनी एका रात्री मीटिंगमध्ये नवा तक्ता दाखवण्यात आला. त्यात हे सगळं काम दुसऱ्या देशातल्या केंद्राकडे गेलेलं होतं. कुणाची नोकरी गेली नाही. मुलीला दुसऱ्या गटात घेतलं. पण त्या रात्री ती बाहेर येऊन जेवायला बसली तेव्हा भाकरी मोडून नुसती बसून राहिली. तिची अम्मी म्हणाली, "पगार तर तोच आहे ना?" ती म्हणाली, "हो, पगार तोच आहे." मी काही बोललो नाही. कविता परत आली की मला कसं होतं ते मला माहीत आहे. पण माझी परत आलेली कविता माझीच असते. ते टिपण मात्र कंपनीचं आहे. करारच तसा असतो. पेटंटवर शोध लावणाऱ्याचं नाव येतं, मालकी कंपनीची राहते.

अलीकडे तिला एका लहान भारतीय कंपनीकडून विचारणा झाली. पगार कमी. कंपनी टिकेल की नाही याची खात्री नाही. तिनं मला विचारलं, "अब्बा, जाऊ का?" मी तिला मुलुंडची आणि गोरेगावची गोष्ट सांगितली. पिरामलचीही सांगितली, लपवली नाही. आणि म्हटलं, "जा किंवा जाऊ नकोस, ते तू ठरव. पण मुलाखतीत एक विचार. इथे नवा प्रश्न कोण मांडू शकतं, आणि तो मांडला तर त्याला वेळ आणि पैसा कोण देतं?"

तिनं विचारलं. समोरचा माणूस जरा थांबला आणि म्हणाला, "आमच्याकडे पैसा फार नाही. पण प्रश्न असेल तर लिहून द्या. सहा महिने देतो." तिनं अजून होकार दिलेला नाही. आम्हीही घाई करत नाही. घराचे हप्ते आहेत, आणि सहा महिन्यांनंतरचं कुणीच सांगत नाही.

अशा प्रत्येक मुलीनं मोठी कंपनी सोडावी, असं मी म्हणणार नाही. मोठ्या कंपनीशिवाय गरमरची मुळं जपानपर्यंत पोचली नसती. पण आपली विद्यापीठं, सरकारी प्रयोगशाळा, लहान उद्योग यांच्यात जर दम नसेल, तर कुठलंही केंद्र बंद झालं की तिथल्या माणसांना जायला जागा राहत नाही. गोरेगावची, मुलुंडची माणसं दुसरीकडे रुजली, शिकवू लागली, नवं करू लागली. त्यामुळे त्या दोन्ही प्रयोगशाळांमधलं ज्ञान इथे थोडंफार तरी उरलं. केंद्र आणण्यासाठी आपण जमीन देतो, सवलती देतो. त्याबरोबर हे दोन प्रश्नही विचारायला सरकारनं आणि आपण शिकलं पाहिजे.

गेल्या आठवड्यात मी उठलो तर मुलगी मीटरच्या पेटीजवळ वही घेऊन उभी. शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून तिनं एक मोजयंत्र मागून आणलं आहे. वीज किती वेळा लचकते, किती क्षण जाते, हे ती पहिल्यापासून लिहून काढते आहे. मी म्हटलं, "अगं, हे तर तू आधी केलं होतंस ना?"

"ते टिपण त्यांचं आहे, अब्बा," ती म्हणाली. "आंबिवलीची वीज त्यांची नाही."